एकाच डब्यातल्या दोन गोळ्या

बाबांची बोटं पैसे मोजतायत असंच आम्हाला जवळजवळ दोन वर्षं वाटत होतं.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर, वडाळा डेपो, तीसेक वर्षं नोकरी. कंडक्टरच्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कधी रिकामी नसतात, तिकीट फाड, पंच टिकटिकव, चिल्लर मोज, नोटा लांब दुमडून बोटांच्या बेचक्यात धर. रिटायर झाल्यावर टीव्हीसमोर बसले की उजवा अंगठा तर्जनीवर हळूहळू गोल फिरायचा, जणू चार आण्याची नाणी सरकवतायत. आई म्हणायची, ‘अहो, ड्युटी संपली ना, आता तरी हात थांबवा.’ बाबा हसायचे आणि चहाचा कप उचलायचे, हात थांबायचा. कप खाली ठेवला की परत सुरू.

आता मला माहितीय की कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, हेच लक्षण असतं. काही करायला घेतलं की थांबणारी आणि हात मांडीवर स्वस्थ ठेवला की सुरू होणारी थरथर, पुस्तकात त्याला गोळी वळल्यासारखी हालचाल म्हणतात, म्हणजे पूर्वी वैद्य बोटांत औषधाची गोळी वळायचे तशी. आमच्या घरात ती नाणी मोजल्यासारखी दिसली, आणि ते इतकं बाबांचंच वाटलं की कोणी बघूनही बघितलं नाही.

मग उजवा खांदा धरला. एका डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं, आठ महिने शेक आणि फिजिओथेरपी झाली, पैसे गेले ते सोडा पण आठ महिने गेले याचं मला अजून वाईट वाटतं, कारण कंपवाताची सुरुवात कधीकधी अशीच आखडलेल्या खांद्याने होते. मग बँकेत सही जुळेना. बाबांची सही मोठी, शेवटची वेलांटी पार रेघेच्या वर जाणारी, ती बारीक बारीक होत मुंगीएवढी झालेली. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, एका दुपारी दूध उतू जाऊन पातेलं काळं होईपर्यंत जळत होतं, शेजारच्या काकू धावत आल्या, आणि बाबा दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसलेले. त्यांना वासच आला नव्हता. आई चिडली, मी पण चिडले. वास जाणं हे थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी होऊ शकतं, हे मी कालिन्याला लाइफ सायन्सेसला एमएस्सी करताना वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण घरातल्या माणसाकडे आपण पुस्तकाच्या नजरेने बघत नाही.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी बाबांना फक्त कॉरिडॉरमध्ये चालायला सांगितलं. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. पाच मिनिटांत निदान झालं. आणि ते म्हणाले, ‘मेंदूतलं डोपामीन कमी झालंय, ते आपण गोळीने देऊ.’ डोपामीन म्हणजे मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्यातलं एक रसायन.

त्याच आठवड्यात बारावीच्या वर्गात (मी ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवते) एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, डोपामीन डिटॉक्स करावं का? रील्स बघून डोपामीन वाढतं ना?’ मी काहीतरी उत्तर दिलं. पण दिवसभर डोक्यात तेच, की या पोराला डोपामीन जास्त झालं म्हणून काळजी आणि माझ्या बापाला कमी पडलं म्हणून, आणि दोघांच्या मनात चित्र एकच, टाकीत पाणी किती आहे याचं. मी पण तेच चित्र धरून होते. पुढे एका रात्री ते मोडलं, ती रात्र सांगते, पण आधी गोळीची गोष्ट सांगायला हवी कारण ती आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सुरू होते.

आम्ही लालबागचे. परळचं केईएम हॉस्पिटल आमच्याकडे सगळ्यांनाच पाठ. तिथे रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक पेपर छापला, सर्पगंधेच्या मुळीने ब्लडप्रेशर कसं उतरतं यावर. आपल्याकडे ही मुळी वैद्यांना जुनी, पण जगभरच्या डॉक्टरांनी तिच्याकडे बघायला लागणं हे त्या पेपरनंतरचं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या लोकांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. प्रेशर उतरायचं, पण काही पेशंट मंद व्हायचे, उदास व्हायचे, काहींचे हातपाय कंपवातासारखे आखडायचे. का, ते कोणाला कळेना. मग १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसननी सशांना रेसर्पिन दिलं, ससे निपचित पडले, आणि त्यांना लेवोडोपा टोचलं तर थोड्याच वेळात उठून हिंडायला लागले. रेसर्पिन पेशीतल्या थैल्यांमध्ये डोपामीन भरूच देत नाही, साठा संपतो, आणि लेवोडोपापासून तो पुन्हा बनतो. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविच यांनी कंपवाताने गेलेल्या माणसांच्या मेंदूत बघितलं तर स्ट्रायटम नावाच्या भागात डोपामीन खरोखरच फार कमी होतं.

म्हणजे परळच्या वॉर्डातली प्रेशरची मुळी, तिथून ससे, तिथून बाबांची सिंडोपा, म्हणजे लेवोडोपाची गोळी. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘केईएमच्या स्टॉपला किती पेशंट चढवले-उतरवले असतील गं मी.’

गोळीने फरक पडला, खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने तर चमत्कार वाटावा असा फरक पडला. बाबा स्वतः शर्टची बटणं लावायला लागले.

आता ती रात्र. आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, झाकण वाकडं झालेला, त्यात सगळी औषधं असतात. आईला अंजायनाचा त्रास, म्हणून त्यात सॉर्बिट्रेट, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. त्याच डब्यात बाबांची सिंडोपा. ऑक्टोबरचा उकाडा होता, रात्री दीडच्या सुमारास बाबा संडासला जायला म्हणून झटकन उठले आणि दारातच कोसळले. घामाने डबडबलेले, चेहरा पांढरा. आईने हाका मारल्या, गॅलरीतले चार दिवे लागले, शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं, डबा उघडून सॉर्बिट्रेटची गोळी काढली आणि म्हणाल्या, ‘अगं हार्टच असणार, ठेव जिभेखाली, वेळ घालवू नको.’ गोळी बाबांच्या ओठांपाशी पोचलेली. मी काकूंचा हात धरला. जोरात धरला, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनगटावर वळ होता. प्रेशरचं मशीन लावलं तर वरचा आकडा ८४.

कंपवातात रक्तवाहिन्या आवळून धरणारे मज्जातंतूही कमजोर होतात, त्यात लेवोडोपाही प्रेशर थोडं उतरवतं, त्यामुळे माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे जातं आणि डोळ्यापुढे अंधारी येते. अशा वेळी सॉर्बिट्रेट म्हणजे उरलेल्या वाहिन्याही सैल करायच्या. आम्ही बाबांना आडवं केलं, पायाखाली दोन उशा दिल्या, सावध झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी दिलं, आणि सकाळी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले ती गोळी दिली नाहीत हे फार बरं केलंत. काकूंनी प्रेमानेच आणली होती, त्या रात्रभर आमच्याकडेच बसून राहिल्या.

पण मला झोप येईना. जी गोळी आईला दर वेळी उभं करते तीच बाबांना कायमचं आडवं करू शकली असती. गोळी तीच, तिच्यातून शरीरात सुटणारा पदार्थही तोच. आणि तो पदार्थ म्हणजे एक वायू. नायट्रिक ऑक्साइड. त्या रात्रीनंतर मी त्याच्यामागे लागले.

आधी एक गोंधळ मिटवते. दातांच्या दवाखान्यात हुंगवतात तो लाफिंग गॅस वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड. आपला हा एक नायट्रोजन एक ऑक्सिजन, रसायनातला सगळ्यात साधा जोड म्हणावा असा, एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला म्हणून सतत कोणाला तरी धरू बघणारा. गाड्यांच्या धुरात असतो तोही हाच. बाबा तीस वर्षं आंबेडकर रोडच्या धुरात उभे होते हे खरं, पण म्हणून आजार झाला असं मी म्हणत नाही, शरीर स्वतः जो बनवतं त्याचा हिशोब निराळा, तो अगदी थोडा, जागच्या जागी आणि काही सेकंदांपुरता, कधी तेवढाही नाही.

आल्फ्रेड नोबेलची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवणाऱ्या माणसाला १८९६ साली, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, हृदयासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. ते काम कसं करतं हे समजायला पुढे ऐंशी वर्षं लागली. १९७७ मध्ये फरीद मुराद यांनी दाखवलं की या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते, त्यांना दिसलं की आतलं नाजूक अस्तर शाबूत असेल तरच वाहिनी सैल पडते, अस्तर खरवडलं गेलं की नाही. अस्तरातून काहीतरी सुटतंय. ते काहीतरी म्हणजे हाच वायू, हे १९८७ च्या सुमारास साल्वादोर मोन्काडा आणि लुई इग्नारो यांच्या कामातून पक्कं झालं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

मला मात्र यापेक्षा १९८८ ची गोष्ट जास्त भिडते. इंग्लंडच्या जॉन गार्थवेट यांनी दाखवलं की मेंदूच्या पेशींना ग्लुटामेट (पेशींना चेतवणारं निरोपाचं रसायन) दिलं की त्यासुद्धा रक्तवाहिन्यांच्या अस्तरासारखंच काहीतरी सोडतात. मेंदू गॅस सोडतो आणि त्याने बोलतो! १९९० मध्ये अमेरिकेत डेव्हिड ब्रेट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतलं ते एन्झाइम शुद्ध करून काढलं, नायट्रिक ऑक्साइड सिंथेज. आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल घ्यायचं, ऑक्सिजन घ्यायचा, वायू बनवायचा.

हे एवढं भिडण्याचं कारण सांगते. मी वर्गात सायनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधली निरोपाची जागा, शिकवते तेव्हा फळ्यावर दोन फुगीर टोकं काढते, मध्ये फट, एका टोकात थैल्या, थैलीत डोपामीन, समोर ते धरणारा रिसेप्टर. बाबांमुळे मी ते बसच्या भाषेत सांगते: प्रवासी बसमध्ये चढले, ठरलेल्या स्टॉपवर उतरले, तिकीट दाखवलं, काम झालं, आणि उरलेल्यांना ट्रान्सपोर्टर नावाचं प्रथिन परत डेपोत घेऊन गेलं. मुलांना कळतं. पण नायट्रिक ऑक्साइड या चित्रात बसतच नाही. त्याला थैली नाही, साठवता येत नाही, लागेल तेव्हाच बनवायचा. स्टॉप नाही. पेशीचं आवरण त्याला अडवत नाही. आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर कोणी बोंबील तळायला टाकले की तिसऱ्या मजल्यावर कळतं, कोणी कोणाला निरोप दिलेला नसतो, दार वाजवलेलं नसतं, भिंतींचं काही चालत नाही, आणि थोड्या वेळाने वास विरूनही जातो. तसं हे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा निरोप उलटाही जातो, ऐकणारी पेशी वायू सोडते आणि तो बोलणाऱ्या पेशीकडे परत पोचतो.

आता स्ट्रायटममध्ये जाऊ या. हालचाल सुरू करायची की रोखायची याचा मोठा भाग तिथे ठरतो. मेंदूच्या वरच्या थरातून ग्लुटामेटचे निरोप येतात, खालून सब्स्टान्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या पेशींकडून डोपामीन येतं. तिथल्या बहुतेक पेशी एकाच जातीच्या, काटेरी फांद्यांच्या. पण त्यांच्यात विखुरलेल्या थोड्याशा पेशी असतात, शंभरात एक किंवा दोन, ज्यांचं खास काम हा वायू बनवणं. एका विशिष्ट रंगाने त्या गडद निळ्या दिसतात, बाकी सगळं फिकट आणि मध्येच एखादी निळी पेशी, लांब लांब फांद्या पसरून बसलेली. संख्या एवढीशी, पण वायूला फांदीच्याही पलीकडे जाता येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं पुष्कळ जणांना ऐकू जातं.

ग्लुटामेट आलं की कॅल्शियम आत शिरतं, एन्झाइम जागं होतं, वायू निघतो. शेजारच्या काटेरी पेशीत शिरून ग्वानिलिल सायक्लेज नावाच्या एन्झाइममधल्या लोहाला चिकटतो, त्यातून सीजीएमपी नावाचा छोटा रेणू बनतो, तो एका किनेजला, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमला, उठवतो. आणि तो किनेज जे करतो ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. या काटेरी पेशींमध्ये डार्प-३२ नावाचं प्रथिन असतं, पॉल ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेत सापडलेलं (२००० सालचं नोबेल ग्रीनगार्ड, कार्लसन आणि एरिक कँडेल यांना मिळालं, म्हणजे सशांना उठवणारे आणि हे प्रथिन शोधणारे एकाच मंचावर). डोपामीन डी-वन रिसेप्टरवर बसलं की सीएएमपी नावाचा तसाच एक छोटा रेणू वाढतो आणि शेवटी डार्प-३२ च्या ३४ व्या जागेवर फॉस्फेट लागतो. नायट्रिक ऑक्साइड वेगळ्याच वाटेने, सीजीएमपीच्या वाटेने येतो, आणि शेवटी फॉस्फेट लावतो तो त्याच ३४ व्या जागेवर. दोन वेगळ्या गावांहून निघालेल्या एसट्या एकाच फलाटाला लागाव्यात तसं. तिथे फॉस्फेट लागला की डार्प-३२ फॉस्फेट पुसणाऱ्या एका एन्झाइमला गप्प करतं आणि बाकीचे निरोप लवकर पुसले जात नाहीत, पेशीत टिकून राहतात.

एवढ्यावर थांबत नाही. डोपामीन सोडणाऱ्या टोकावर हा वायू पोचला की ते उरलेलं डोपामीन परत उचलून नेणारा ट्रान्सपोर्टर आहे ना, त्याचं काम तो मंदावतो, १९९० च्या दशकात प्रयोगांत हे दिसलं. म्हणजे डोपामीन बाहेर जास्त वेळ रेंगाळतं. आणि डोपामीन सुटण्यावरही त्याचा हात आहे. २०११ च्या एका अभ्यासात उंदरांच्या मेंदूच्या कापांमध्ये दिसलं की नायट्रिक ऑक्साइड दिला की पेशीचा एकटादुकटा विजेचा ठोका आणि सलग ठोक्यांची सर यांतला फरक ठळक होतो, सर आली की डोपामीन जास्त उठून सुटतं. म्हणजे नुसता आवाज वाढवणं नाही ते, महत्त्वाचं काय आणि किरकोळ काय यातलं अंतर वाढवणं. उलट बाजूने डोपामीनही वायूवर अंमल ठेवतं, डी-वन रिसेप्टर जागे झाले की वायू जास्त बनतो, डी-टू जागे झाले की कमी. दोघं एकमेकांचा कान धरून बसलेत.

साहजिकच तुम्ही विचाराल की मग नायट्रिक ऑक्साइडने डोपामीन वाढतं का कमी होतं? मी पण हेच शोधत होते, आणि पेपर उघडत गेले तसं एकात वाढलेलं, दुसऱ्यात घटलेलं. आधी चिडचिड झाली. मग एका रविवारी दुपारी, बाबा झोपलेले, मी त्यांच्या पायाशी बसून वाचत होते, आणि लक्षात आलं की प्रश्नच टाकीतल्या पाण्यासारखा विचारलाय मी. वायू किती आहे, केव्हा सुटला, त्या क्षणी पेशी शांत होती का धडधडत होती, शेजारी ऑक्सिजनचे उनाड रेणू होते का नाही, यावर उत्तर बदलतं. सॉर्बिट्रेटसारखंच. आईच्या छातीत दुखत असताना एक, बाबांचं प्रेशर ८४ असताना दुसरं. (सॉर्बिट्रेट घेतली की मेंदूतल्या डोपामीनचं असं असं होतं, असा अर्थ कोणी काढू नका हं, तिचं आपल्या ओळखीचं काम रक्तवाहिन्यांचंच, आणि घरातलं औषध एकाचं दुसऱ्याला देऊ नका, हे मी अनुभवाने सांगतेय.)

डोपामीन बनवणारं एन्झाइम आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम या दोघांना एकाच मदतनिसाची गरज लागते, टेट्राहायड्रोबायोप्टेरिन. तो कमी पडला की डोपामीन तर कमी बनतंच, वर नायट्रिक ऑक्साइडचं एन्झाइम बिघडतं आणि वायूऐवजी सुपरऑक्साइड सोडायला लागतं. सुपरऑक्साइड म्हणजे तो उनाड रेणू. तो आणि नायट्रिक ऑक्साइड भेटले की क्षणात पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, आणि ते मात्र खरोखर जाळतं. डोपामीन बनवणाऱ्या एन्झाइमवर ते नायट्रो गटाचा डाग पाडतं आणि एन्झाइम बंद पडतं. कंपवाताच्या मेंदूत पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिनचे गोळे सापडतात, त्या प्रथिनावरही असेच डाग २००० साली दिसले. २००४ मध्ये दिसलं की पार्किन नावाचं एक राखण करणारं प्रथिन आहे, त्याला नायट्रिक ऑक्साइड चिकटला की त्याची राखण ढिली पडते.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं एकाएकी पुतळ्यासारखी आखडून हॉस्पिटलात आली, त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट नशेच्या औषधात एमपीटीपी नावाची भेसळ होती, तिने त्यांच्या डोपामीनच्या पेशी मारल्या होत्या. पुढे तेच विष उंदरांना आणि बबून माकडांना देताना मेंदूतलं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम औषधाने रोखलं, तर पेशी बऱ्याच वाचल्या. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ गॅलरीत उभी होते. वाटलं मिळालं औषध. पण तो वायू सरसकट बंद करून चालणार कसं, प्रेशर त्यावर, शिकणं-लक्षात ठेवणं त्यावर, आणि आत्ताच तर सांगितलं की डोपामीनचं म्हणणं पेशीत टिकवून धरायलाही तो लागतो. माणसांसाठी तसं औषध आज नाही. मला त्याची आशा आहे, अगदी उघड आशा आहे, पण बाबांना मी त्याबद्दल काही बोललेले नाही.

त्या निळ्या पेशींचं एक मात्र मनात घर करून राहिलंय. स्वतः वायू बनवणाऱ्या त्या पेशी त्या वायूच्या जाळण्यातून बऱ्याच टिकतात. त्यांच्यात सुपरऑक्साइड विझवणारं एन्झाइम भरपूर असतं, म्हणजे आग लागायची ती जोडीच जमू देत नाहीत. हंटिंग्टन नावाच्या मेंदूच्या आजारात स्ट्रायटम उजाड होतो तरी या पेशी बऱ्यापैकी उभ्या असतात, हे १९८५ पासून माहीत आहे. सब्स्टान्शिया नायग्राच्या पेशींना ते नशीब नाही. एकेका पेशीच्या फांद्या लाखो जोडण्यांपर्यंत गेलेल्या, डोपामीन स्वतःच गंजणारं, आणि ठोके दिवसरात्र. बाबांच्या नोकरीसारखं वाटतं मला ते, एक माणूस आणि अख्खी भरलेली बस.

आता पाचवं वर्ष आहे. गोळीचा असर पूर्वीसारखा राहत नाही, आमच्याकडे त्याला सगळे ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात, आई सुद्धा, ‘बाबा ऑन आहेत तोवर आंघोळ उरकू दे’ असं. गोळी डाळ-अंड्याच्या आधी घ्यायची, कारण प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लेवोडोपा एकाच दारातून आत जायला झगडतात. ऑनच्या ऐन भरात कधी अंग वेलीसारखं डुलायला लागतं, मान, खांदा, पाऊल. डोपामीन पूर्वी मेंदूत सतत झिरपत असायचं, आता गोळीबरोबर लाटेसारखं येतं आणि ओसरतं, आणि पेशी त्या लाटांना विचित्र वळण लावून घेतात. ब्राझीलमध्ये उंदरांवर झालेल्या कामात नायट्रिक ऑक्साइडचं एन्झाइम रोखल्यावर हे डुलणं कमी झालं. म्हणजे इथेही तोच शेजारी.

त्या डिटॉक्सवाल्या मुलाला मी नंतर गाठलं. त्याला म्हटलं, मोबाइल बाजूला ठेवतोस ते चांगलंच आहे, ठेव, पण डोपामीन धुऊन काढायची घाण नाहीये, माझ्या वडिलांना विचार. आणि मग फळ्यावर त्याच जुन्या चित्रात निळ्या खडूने एक पेशी काढली, थैल्या नसलेली, आणि तिच्याभोवती खडू आडवा धरून नुसता निळा धुरळा केला, फटीच्या अलीकडे, पलीकडे, दोन्ही पेशींच्या आत. सिलॅबसमध्ये नाही ते. मुलांनी वहीत काढून घेतलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा उंबरठ्यावर उभे होते, गोळी ओसरत आलेली, पाय फरशीला खिळलेले. दारात असंच होतं, जिना ते सहज चढतात कारण पायरी डोळ्यांना दिसते, पण उंबरठा आणि पुढची सपाट गॅलरी बघून पाय उचलत नाही. मी पिशवी ठेवून हात धरायला पुढे झाले. आई ओट्याशी बोंबील तळत होती, तिने मान वर केली, हातातल्या झाऱ्याने स्टीलच्या पेल्यावर दोनदा मारलं, टिंग टिंग. डबल बेल.

बाबांचं उजवं पाऊल उचललं. मग डावं.

‘कुठे शिकलीस हे?’ मी विचारलं. ‘शिकायचंय काय त्यात,’ आई म्हणाली, ‘तीस वर्षं त्यांनीच मारली बेल, त्यांना कळणार नाही होय.’ आणि तिने बोंबील उलटवले. बाबा गॅलरीत कठड्यापर्यंत पोचले, खाली रस्त्यावर बघत उभे राहिले, अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता.